बादलीतले चाळीस दिवस

तिने कोपरापर्यंत येणारा रबरी मोजा चढवला, माशांच्या टाकीवरची काच बाजूला सरकवली आणि बोटे पाण्यात बुडवण्याआधीच थांबली. खालच्या दगडांच्या ढिगातून आवाज आला. टक. मग थोडा वेळ जाऊ देऊन, कोणी दार उघडत नाही म्हणून पुन्हा वाजवावे तसा, टक टक.

तिने हात मागे घेतला.

“घातलास का हात?” स्वयंपाकघराच्या दारातून आईने विचारले.

“नाही अजून.”

“इकडे पाणी उकळून उकळून अर्धं झालं.”

“गॅस बंद कर मग.”

“बंद केला की म्हणशील, नीट उकळलं नव्हतं म्हणून मेला नाही.”

आईने नॅपकिनला हात पुसले, पण दाराच्या पुढे ती आली नाही. बाहेरच्या खोलीत टाकी आल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, ती तिच्यापासून हातभर लांबूनच जात आली होती. टाकीला ती ‘सवत’ म्हणायची. बाबा गेल्यावर चार महिने सवतीला रोज चिमूटभर खाणे घालायचे मात्र तिने एकदाही चुकवले नव्हते.

टाकी फार मोठी नव्हती. प्रवासाची एक सुटकेस आडवी ठेवावी एवढी. तळाशी वाळू, मधोमध समुद्रातल्या भोकाभोकांच्या दगडांचा ढीग, मागे मोटरचा पाइप. महिन्याभरात ती रिकामी होत आली होती. आधी गोगलगायी गेल्या. सकाळी त्यांचे शंख वाळूवर पडलेले दिसत, एका बाजूने फोडलेले. मग पाठीवर शंख वागवणारा खेकडा. मग वाळू उपसत फिरणारा बोटभर मासा, ज्याचे काहीच सापडले नाही. गेल्या मंगळवारी नारिंगी जोडीतला नर. आता एकटी मादी उरली होती. पाइपामागच्या कोपऱ्यात, अगदी वर, दगडांकडे तोंड करून ती जागच्या जागी पंख हलवत होती.

“हिच्यापुरतं तरी कर,” आई म्हणाली. “ही राहू दे. टाकीबरोबर आलेली आहे.”

“करतेय ना.”

“वहीत बघ की आधी. दगड कसे रचलेत ते त्यांनी काढून ठेवलेलं असतं.”

“मला माहितीये कसे रचलेत.”

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि आत गेली. पातेल्यात आणखी पाणी ओतल्याचा आवाज आला.

वही टाकीखालच्या फळीवर होती, मिठाच्या पिशवीला टेकून उभी. बाबांनी एकतीस वर्षे दुकानादुकानांतले तराजू आणि मापे तपासली होती, आणि निवृत्तीनंतर सरकारने काढून घेतलेला तो सगळा काटेकोरपणा या टाकीत ओतला होता. टाकीत जाणारी प्रत्येक गोष्ट वहीत चढल्याशिवाय आत जात नसे. आणि समुद्रातून आलेली गोष्ट तर थेट कधीच नाही. “दगड म्हणजे धर्मशाळा असते, बाई,” ते सांगायचे. ती शाळेत शिकवायला लागल्यापासून तिला ‘बाई’च म्हणत. “कोण कुठल्या खोलीत उतरलंय, ते मालकालाही ठाऊक नसतं.” दगडाबरोबर लपून येणाऱ्या किड्यांना, जळवांना, खेकड्यांना त्यांनी ‘बिनतिकिटाचे’ असे नाव ठेवले होते. नवा दगड आला की तो गॅलरीत, मिठाच्या पाण्याच्या बादलीत, चाळीस दिवस. एकोणचाळीस नाही. रोज टॉर्च मारून भोके तपासायची, निघेल तो प्रवासी चिमट्याने उचलायचा, आणि मगच दगड आत. यात कोणाची गय नव्हती.

बाबा असताना ती शेवटची आली, तेव्हा बाबांच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता: ‘सर्दी-खोकला असलेल्यांनी आत येऊ नये.’ अक्षर आईचे, सांगणे डॉक्टरांचे. औषधांनी बाबांच्या रक्तात लढायला कोणी शिल्लक ठेवले नव्हते. त्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली खोकत होत्या, आणि बसमध्येच तिच्या घशात खरखर सुरू झाली. ती उतरली तेव्हा परतीची बस समोरच उभी होती; ड्रायव्हर चढत होता. तिने पिशवीतली लवंग तोंडात टाकली, मास्क वर ओढला आणि घरी आली. चार दिवस राहिली. ती गेल्यावर सहाव्या दिवशी बाबांना ताप भरला आणि अकराव्या दिवशी ते गेले. छातीतला संसर्ग, डॉक्टर म्हणाले. कुठूनही येऊ शकतो.

कुठून आला ते तिला माहीत होते. तिने ते कोणाला सांगितले नव्हते. या चार महिन्यांत आईसमोर ती एकदाही खोकली नव्हती. साधा ठसका लागला तरी उठून बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडायची. भीती आईला कळण्याची होती, आणि त्याहून मोठी भीती, आईला कळलेलेच असण्याची. कारण त्या वेळी शाळेच्या गावी परतून पिशवी उपसली तेव्हा तळाशी खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली होती. सील न फोडलेली. आई दर वेळी तिच्या पिशवीत काही ना काही कोंबायचीच. सवयीने ठेवली असेल. किंवा नसेल. ती बाटली तिने अजून उघडलीही नव्हती आणि टाकलीही नव्हती.

आणि त्या चार दिवसांची पाने या वहीत होती. तराजूचा काटा केसभर हलला तरी ज्याला दिसायचा, त्या माणसाने लिहिलेली.

काल दुपारी तिने बाबांचीच युक्ती केली होती. जाड चादर टाकीवर पसरायची, आपले डोके आत घालायचे, आणि टॉर्चला लाल कागद लावून बघायचे. लाल उजेड या प्राण्यांना दिसत नाही, असे ते म्हणत. चादरीखाली वाफारा घेतल्यासारखा दमट उबारा होता. बराच वेळ काही हलले नाही. मग मधल्या दगडाच्या भोकात दोन देठ वर आले, देठांवर दोन डोळे. दोन्ही आपापले फिरत होते. एक वर, कोपऱ्यातल्या माशाकडे स्थिरावला. दुसरा हळूहळू वळत आला आणि तिच्यावर थांबला. तिच्या घशात खोकला दाटला. चादरीबाहेर आई खुर्चीत बसलेली होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिने तो गिळला.

संध्याकाळी तिने माशांच्या दुकानदाराला फोन केला.

“डोळे वेगवेगळे फिरतात?” तो म्हणाला. “अरे बापरे. मग तोच.” त्याच्या आवाजात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होते. “कोळंबीचा चुलता समजा, पण पहिलवान. ठोसा मारतो. शंख फोडतो, खेकडे फोडतो. तुमच्या रबरी मोज्याला तर तो हसेल.”

“काच फोडेल?”

“लहान आहे तोवर नाही. मोठा झाला की काय, ते मी बघितलेलं नाही. बघायची इच्छाही नाही.”

“मग करायचं काय?”

“अख्खा दगड उचलायचा, बादलीत ठेवायचा, भोकात उकळतं पाणी. विषय संपला. फक्त आधी साहेबांच्या वहीतला नकाशा बघा. त्यांची रचना म्हणजे, एक दगड दुसऱ्याच्या भरवशावर. मधला ओढलात तर वरचा काचेवर येईल.” मग तो आवाज उतरवून म्हणाला, “रागावू नका, पण एक विचारतो. दगड माझ्याकडचाच, मी नाही म्हणत नाही. पण हा बादलीतच सापडायला हवा होता. साहेब कधी चुकले नाहीत. किती दिवस ठेवला होता?”

“चाळीस,” ती म्हणाली.

तो दगड तिनेच आत ठेवला होता. त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी. बाबांना पाण्यात हात घालायला बंदी होती, म्हणून ते खुर्चीत बसून पट्टीने दाखवत होते. डावीकडे. जरा आत. त्या दोघांच्या मध्ये. तिने विचारलेही होते, “चाळीस झाले का?” आणि ते म्हणाले होते, “झाले, बाई. तुम्ही घाला.”

आता तिने दोन्ही हात एकदम पाण्यात घातले. मोज्याचा हात मधल्या दगडाखाली, उघडा हात वरच्या दगडाला आधार म्हणून. मासा पाइपामागे दिसेनासा झाला. दगड हलत नव्हता. तिने जरा जोर लावला. तो बोटभर पुढे सरकला.

टक.

या वेळी आवाज कानांना आला नाही. तो तळहातात लागला, रबरातून, आतून कोणी बोटाच्या पेराने वाजवावे तसा. तिचा हात आपोआप सुटला. वरचा दगड कलला, घसरला आणि समोरच्या काचेवर आदळला. पाणी उसळून तिच्या छातीवर आले. तिने डोळे मिटून घेतले आणि काच तडकण्याची वाट पाहिली.

काही झाले नाही. डोळे उघडले तेव्हा दगड काचेला रेलून उभा होता आणि वाळूचा धुरळा हळूहळू खाली बसत होता. 

आई तिच्या शेजारी उभी होती. हातभर अंतर नव्हते.

“वही उघड,” आई म्हणाली.

“मला माहितीये ते...”

“तुला माहीत नाही. उघड.”

तिने मोजा काढला, हात पुसले, वही घेतली. शेवटची पाने शोधावी लागली नाहीत. वही तिथेच उघडली. पानाला केसांचा काळा आकडा लावलेला होता. एका टोकाचा रंग उडालेला, आतले लोखंड दिसणारा. असे आकडे आईच्या उशाशी वाटीत असत.

बाबांचे अक्षर शेवटी शेवटी उतरणीला लागले होते, पण ओळ कुठे सुटली नव्हती.

‘रविवार. बाई आल्या. घसा बसलेला. तोंडात लवंग.

‘सोमवार. पहाटे बाई बाथरूममध्ये नळ सोडून खोकत होत्या. नळाने झाकत नाही. ही म्हणाली, तिला आजच्या आज परत पाठवते. नको म्हटले. भांडण झाले. हळू आवाजात.

‘मंगळवार. दगड आत घेतला, बाईंच्या हातून. बादलीत ११ दिवस. भोकातून टकटक येते, आत कोण आहे कळत नाही. बाईंनी विचारले, चाळीस झाले का. झाले म्हटले.’

या ओळीच्या समासात एक वजाबाकी होती: ४० − ११ = २९. एकोणतीसभोवती वर्तुळ काढले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह.

‘बुधवार. बाई गेल्या. औषधाची बाटली पिशवीत ठेवायला हिला सांगितले.’

खाली दगडांचा नकाशा होता, आकडे घातलेला, बाण काढलेला. नकाशाखाली एक सूचना, सरकारी अहवालात असते तशी अधोरेखित: ‘क्र. २ काढणे झाल्यास एकट्याने काढू नये. वरचा एकाने धरावा.’

तिने ते पान दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना तिला अक्षरे दिसत नव्हती, पण मान वर करण्यापेक्षा ते सोपे होते.

“तू कधी लावलास आकडा?” तिने विचारले.

“ते गेले त्याच आठवड्यात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू काय बोललीस?”

मोटरची घरघर चालू होती. स्वयंपाकघरात पातेल्याचे झाकण वाफेने खडखडत होते. आईने मनगटावरचे घड्याळ काढले आणि नीट, काच वर येईल असे, फळीवर ठेवले.

“मला अजून वाटतं,” आई टाकीकडे बघत म्हणाली, “दारातूनच परत पाठवायला हवं होतं तुला. खोटं कशाला बोलू? दिवसातून एकदा तरी वाटतंच.”

तिने वही नकाशाच्या पानावर उघडीच फळीवर ठेवली.

“पण मग ते माझ्याशी बोलले नसते. होते नव्हते तेवढे दिवस. एकोणतीस तरी हातात आहेत का, तेच त्यांना कळत नव्हतं.” आईने बाही वर सारली. “कुठला धरायचा?”

“आई, मोजा एकच आहे.”

“तो तू घाल. मला नको. कुठला धरायचा सांग.”

“वरचा. काचेला टेकलाय तो.”

आईने अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या पाण्यात हात घातला. ‘ई’ असे काहीतरी ती पुटपुटली, आणि मग ओट्यावरचे जड पातेले उचलावे तसा तिने तो दगड दोन्ही हातांत पेलून धरला. मधल्या दगडातून टकटक सुरू झाली होती, भराभर, आता न थांबता. आईच्या उघड्या बोटांपासून ते भोक वीतभरही लांब नव्हते.

“लवकर कर ग,” आई म्हणाली. तिचा आवाज जेमतेम येत होता. “मला याच्याकडे बघवत नाही.”

“बघू नकोस. मासा बघ.”

“पण हा मला बघतोय ना.”

तिने मधला दगड पकडला. तळहाताला एक ठोसा बसला, मग दुसरा. रबराखाली कातडी झिणझिणली. या वेळी तिने सोडला नाही. नकाशातल्या बाणाप्रमाणे आधी डावीकडे वळवला, मग पुढे, मग वर. पाण्याची धार गळत असलेला दगड छातीशी धरून ती गॅलरीत धावली आणि तिने तो बादलीत सोडला. मारायचाच होता, तरी पाणी तिने सकाळीच भरून, मीठ मोजून ठेवले होते.

मागे वळून पाहिले तर आई वरचा दगड हळूच वाळूवर ठेवत होती. पाइपामागून नारिंगी शेपटी बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.

आई पातेले दोन नॅपकिनांत धरून गॅलरीत आली आणि तिच्या हातात देऊन वाकून बघू लागली. भोकात देठ वर आले होते. दोन डोळे आपापले फिरत होते.

“एवढासा?” आई म्हणाली. “एवढ्याशाने हे सगळं केलं?”

“हो.”

“ओत मग.”

तिने पातेले बादलीवर आणले. एक डोळा तिच्याकडे होता, दुसरा आईकडे. वाफ वर आली आणि तिच्या नाकातोंडात गेली. घशात खरखर उठली. तिने ओठ मिटले, एकदा गिळले, दुसऱ्यांदा गिळले. गॅलरीत नळ नव्हता.

ती खोकली. आधी एकदा, मग थांबवता न येण्यासारखी, कमरेत वाकून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. पातेले कलण्याआधी आईने तिच्या हातातून काढून घेतले आणि कठड्यावर ठेवले. आई मागे सरली नाही. तोंडाला पदरही लावला नाही. खोकला संपेपर्यंत ती उभी राहिली, आणि संपल्यावर तिने आपला हात लेकीच्या पाठीवर ठेवला. हात अजून ओला होता, गार, मिठाने चिकट झालेला.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “पाणी निवलं आता. चहाच टाकते त्याचा.”

“टाक.”

आई पातेले घेऊन निघाली. दारात थांबून तिने मागे वळून बादलीकडे बघितले.

“चाळीस दिवस उपाशी ठेवणार का त्याला?” ती म्हणाली. “काय खातो, बघ जरा वहीत.”

तिने खाली बघितले. दोन्ही डोळे आत गेले होते. बादलीतून आवाज आला. टक.